सूचना : पाण्यातून वर चढण्याची शिडी

सर्व बोटमालक सभासदांनी नोंद घ्यावी. ३१ जुलैला मासेमारी बंदी संपते. त्याआधी उंच बाजूच्या प्रत्येक ट्रॉलरवर शिडी बसलेली असावी. 'बोटीच्या बाजूला टांगलेला टायर धरून चढतो की' हे उत्तर चालणार नाही. कपडे भिजलेले, हात दमलेले असताना पट्टीच्या तांडेलालाही (बोटीच्या प्रमुखालाही) ते जमत नाही.

माप बोट रिकामी असताना घ्या. बर्फ-डिझेल भरले की बोट खाली बसते आणि आखूड शिडीही पुरेशी वाटते. काठापासून पाण्यापर्यंतच्या उंचीत निदान दोन फूट मिळवा, म्हणजे दोन पायऱ्या पाण्याखाली राहतील. पाय टेकायला जागा नसेल तर माणूस नुसता लोंबकळतो.

दोरीची शिडी स्वस्त, गुंडाळून ठेवायला सोपी. पण तिच्यावर पाय बोटीखाली सरकतात. घ्यायचीच तर रुंद लाकडी पायऱ्यांची, खाली वजन लावलेली घ्या. ३१६ ग्रेडच्या (खाऱ्या पाण्यात सहसा न गंजणाऱ्या) स्टेनलेस स्टीलची घडीची शिडी केव्हाही बरी. ती बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यापासून लांब बसवा, आणि पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता येते का ते पाहा.

एकत्र खरेदीसाठी मापे २० जुलैपर्यंत कार्यालयात लिहून द्यावीत.