भाड्याच्या किचनमध्ये आधी पाणी बघा, रंग नंतर

मा. संपादक,

भाड्याच्या घरातलं किचन कमी खर्चात कसं बदलायचं यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता तो वाचला, फोटो छान होते, पण आयडिया बघितल्या तर जवळपास सगळ्या चिकटवायच्याच. टाइल्सवर स्टिकर, शटरवर स्टिकर, ओट्यावर मार्बलसारखा दिसणारा रोल. मी भाड्याच्या घरांची दुरुस्तीची कामं घेतो आणि हे रोल लावण्यापेक्षा काढण्यासाठीच मला जास्त बोलावणी येतात, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

शेगडीजवळ चिकटवलेलं काही टिकत नाही हो. उष्णतेने गोंद मऊ पडतो, कोपरा सुटतो, त्यात तेलकट वाफ शिरते, वर धूळ बसते आणि थोड्याच दिवसांत ते आधीच्या टाइल्सपेक्षा वाईट दिसायला लागतं, शिवाय शेगडीच्या अगदी मागे प्लास्टिक लावणं धोक्याचंच. घर सोडताना रोल ओढला की खालच्या सनमायकाचा पापुद्रा पण बरोबर निघतो, मग डिपॉझिटवरून भांडण. बेडरूमच्या कपाटाला लावा खुशाल, किचनमध्ये नको एवढंच माझं म्हणणं.

आणि किचन जुनाट दिसायला लागतं ते रंगाने कमी, पाण्याने जास्त. सिंक आणि ओट्याच्या सांध्यातलं सिलिकॉन (फट बुजवणारी रबरासारखी पट्टी) काळं पडतं, कुठेतरी सुटतं, तिथून पाणी झिरपतं आणि खालचं कपाट जर पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं, असेल (भाड्याच्या घरात बहुतेक वेळा तेच असतं) तर बोर्ड पाणी पिऊन फुगतो, कडेला चिकटवलेली एज बँडची पट्टी सुटते, बिजागरीचे स्क्रू पकड सोडतात आणि शटर लोंबायला लागतं. मालक म्हणतो भाडेकरूने वाट लावली, भाडेकरू म्हणतो आलो तेव्हापासून असंच होतं, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटत असतं. मूळ कारण असतं सिलिकॉनची एक पट्टी.

म्हणून पैसे थोडेच असतील तर पहिले तिथे घाला. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढायचं, पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, सगळेजण वरूनच मारतात आणि मग माल खराब होता म्हणतात. जागा स्पिरिटने पुसून कोरडी करायची, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायची, बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन भरायचं आणि साधारण 24 तास तिथे पाणी लागू द्यायचं नाही. कपाटाचा तळ फुगलेला असेल तर सगळं कपाट बदलायची गरज नाही, तेवढी फळी काढून पीव्हीसी बोर्ड टाका, तो फुगत नाही. आणि सिंकखालचा ट्रॅप (पाणी साठून वास अडवणारा वाकडा पाइप), वेस्ट पाइपचे नट हाताने चाचपून बघा, बऱ्याचदा नट ढिला असतो किंवा वॉशर गेलेला असतो, बाकी काही नसतं.

नळाचं पण तसंच. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ वर्षाला 10,000 लिटरच्या वर पाणी घालवतो. जुना फिरवायचा नळ असेल तर रबरी वॉशर बदलायचा, पाव फेऱ्यात उघडणारा असेल तर आतलं कार्ट्रिज, नवा नळ घ्यायची वेळ फार क्वचित येते. धार फाकत असेल तर तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवा, क्षार सुटतात. याला खर्च जवळपास शून्य.

आता दिसण्याकडे येतो, कारण ते पण लागतंच, नाही कशाला म्हणा. शटर वाकडी दिसत असतील तर आधी स्क्रूड्रायव्हर घ्या. आतल्या ऑटो हिंजवर (शटर आपोआप ओढून घेणाऱ्या स्प्रिंगच्या बिजागरीवर) अ‍ॅडजस्टमेंटचे स्क्रू असतात, एकाने शटर डावीउजवीकडे सरकतं, दुसऱ्याने आतबाहेर, आणि वर-खाली करायचं तर कपाटाच्या बाजूला बसवलेल्या प्लेटचे स्क्रू ढिले करून. अर्ध्या तासात पूर्ण रांग एका लायनीत येते आणि लोकांना वाटतं नवीन किचन केलं. हिंज गेलेलीच असेल तर तिचा कप, म्हणजे शटरमध्ये बसणारा गोल भाग, साधारणपणे 35 मिलीमीटरचा असतो, त्याच भोकात सॉफ्ट क्लोज (हळू बंद होणारी) हिंज बसते. हँडल बदलताना दोन स्क्रूंमधलं अंतर मोजून घ्या, 96, 128 किंवा 160 मिलीमीटर असतं बहुतेक, तेवढंच नवं घेतलं तर नवीन भोकं पाडावी लागत नाहीत. भाडेकरूंनी जुनी हँडल पिशवीत घालून स्क्रूसकट ठेवावीत, जाताना परत लावायची आणि आपली घेऊन जायची.

रंगाचं काम मात्र मालकानेच करावं, तेही घर रिकामं असताना. सनमायकावर थेट ऑइल पेंट मारला की नखाने निघतो. आधी तेलकटपणा साबणाने पूर्ण घालवायचा, मग 180 किंवा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर, आणि मग दोन पातळ हात. हाताला काही तासांत सुका लागतो पण खरा कडक व्हायला काही आठवडे जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत नवा भाडेकरू ओल्या हातांनी शटर उघडत असतो! तेवढे दिवस थांबायची तयारी नसेल तर रंगाच्या नादी लागू नका.

टाइल्स जुन्या वाटत असतील तर फोडू नका, बघा आधी की टाइल घाण झालीये का दोन टाइल्समधली फट. बहुतेक वेळा फटच काळी असते. वरचं 2-3 मिलीमीटर ग्राउट (फटीत भरलेला मसाला) खरवडून नवं भरलं की भिंत उजळते, शेगडीमागे एपॉक्सी ग्राउट वापरलं तर तेल-पाणी शोषलं जात नाही, महाग पडतं पण जागा तेवढीशीच. चिमणीची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर धुण्याच्या सोड्यात बुडवू नका, काळी पडते, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे.

लाइट हा विषय तुमच्या लेखात नव्हताच याचं नवल वाटलं. छताला मधोमध एक दिवा आणि आपण भिंतीकडे तोंड करून उभे, म्हणजे चिरतो तिथे आपलीच सावली. वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावली की प्रश्न मिटला, 4000 केल्विनच्या आसपास घ्या, म्हणजे उजेड ना फार पिवळा ना फार निळसर. 12 व्होल्टची पट्टी आणि प्लगवाला अ‍ॅडॉप्टर घेतला तर वायरिंगला हात लागत नाही, जाताना काढूनही नेता येते.

एक गोष्ट मात्र करू नका, सिंक किंवा शेगडीची जागा हलवू नका. ड्रेनेज, पाणी, गॅसची लाइन, सगळं त्यामागोमाग हलवावं लागतं, मग फोडाफोडी आणि त्या फोडाफोडीचं फिनिशिंग, बजेट तिथेच संपतं.

राहिला पैसे कोणी द्यायचे हा मुद्दा. 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी भाड्याच्या घरांसाठी साधारण 1.9 बाय 3.4 मीटरचं किचन डिझाइन केलं, ते हजारो घरांत बसवलं गेलं आणि त्याचा खर्च भाड्यातच धरला होता. म्हणजे किचन हा घराचाच भाग, तो मालकाने नीट करून द्यायचा आणि भाड्यातून वसूल करायचा, असा सरळ हिशोब. आपल्याकडे हे बोललंच जात नाही. माझ्या मते पाणी, ड्रेनेज, वायरिंग आणि कपाटाचा सांगाडा मालकाचा, आणि स्क्रू काढून नेता येईल ते भाडेकरूचं. भाडेकरूने मालकाचं काम स्वतःच्या पैशाने करून घेतलं तर ते भाड्यातून वळतं करायचं, पण काम सुरू करायच्या आधी मेसेजवर लिहून घ्या, आधीचे-नंतरचे फोटो आणि बिल ठेवा. तोंडी "बघू नंतर" वर विश्वास ठेवून काम केलेले कितीतरी लोक मी पाहिलेत, ते नंतर कधी येतच नाही.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा एखाद्या प्लंबरला आणि सुताराला पण विचारा एवढी विनंती. आणि जमलं तर घर घेताना किचनमध्ये काय काय तपासायचं त्याचा एक तक्ता द्या, कापून ठेवतील लोक.

आपला,
दुरुस्तीची कामं करणारा एक वाचक