ताट वेगळे आणि खिडकी बंद

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझा मुलगा इथल्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात हिशेब लिहितो. गेल्या पावसाळ्यात त्याला खोकला लागला, तेव्हा आम्ही हळदीच्या धुळीला बोल लावला. सांगलीत हे कारण कुणालाही लगेच पटते. दोन महिने खोकल्याची औषधे झाली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. कोर्स चालू असताना जरा उतार पडायचा, संपला की पुन्हा तेच. संध्याकाळी कणकण, पहाटे घामाने भिजलेली उशी, कमरेच्या पट्ट्याला पाडलेले नवे भोक. हे सगळे मला दिसत होते, फक्त जोडता येत नव्हते. शेवटी गल्लीतल्या आशाताईंनीच हटकले, "दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की बेडका तपासायचा असतो, बाई."

सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट झाली. नुसती थुंकी चालत नाही, सकाळी उठल्याबरोबर खोल खाकरून आणा, असे तिथे दोनदा बजावले. ट्रूनॅट यंत्रावर (ते आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेले) क्षयाचे निदान झाले आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल, हेही त्याच दिवशी कळले. वजनाप्रमाणे गोळ्या, रोज, सहा महिने. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली म्हणून घरात रडारड झाली. तो गोळीचाच रंग, हे आधी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. निदान कळले त्या संध्याकाळी मी मुलाचे ताट, वाटी, पेला वेगळा केला. अंथरूण आतल्या खोलीत घातले. आणि खोकला शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून त्या खोलीची खिडकी लावून घेतली. पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेली मी! क्षय ताटा-वाटीतून पसरत नाही. खोकल्यातून उडालेले जंतू बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणजे नको ते केले आणि हवे होते नेमके तेच बंद केले. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडण्याआधी या रोगावर मोकळी हवा, विश्रांती आणि अन्न याखेरीज फारसे काही नव्हते. डॉ. वानलेस यांनी क्षयरोग्यांसाठी उभारलेले आरोग्यधाम आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, वानलेसवाडीत. तरी ही अक्कल!

नात चार वर्षांची. "तिला बीसीजी टोचलीय की," असे मी म्हणाले, तर डॉक्टर म्हणाले, त्या लशीने लहान मुलांचा गंभीर क्षय टळतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. सगळ्यांची तपासणी केली, कुणाला आजार नाही याची खात्री केली आणि नातीसह आम्हा सगळ्यांना प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. अशा गोळ्या असतात हेच कित्येक घरांना ठाऊक नाही. मुलाचे वजन तिसऱ्या महिन्यात भरले, तसा तो "आता कशाला गोळ्या" म्हणू लागला. सुनेने दाद दिली नाही. मध्येच सोडले तर पुढे साध्या औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो. निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते) अंडी-शेंगदाण्यांना उपयोगी पडले.

आता खासगी डॉक्टरांना एक विनंती, आपल्या पत्रामार्फत. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीची काच उघडा. एसी लावून पंधरा-वीस माणसे कोंडू नका. खोकणाऱ्याला मास्क द्या, ओसरीवर किंवा जिन्यात बाकावर बसवा, त्याला आधी आत घ्या. त्या दोन महिन्यांत माझा मुलगा अशाच बंद खोलीत पाच वेळा तास-तासभर खोकत बसला होता. शेजारी कोण कोण बसले होते, ते आम्हाला माहीत नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली