लॅबमधल्या मामांना, सगळ्यांसमोर थँक्यू

मामा, पेढा घेतलात, "बरं झालं गं" म्हणलात अन् लगेच कपाटं लावायला निघून गेलात, बोलूच दिलं नाही, म्हणून इथं लिहायलेय.

थव्यातले सगळे एका दिशेला कसे वळतात ते कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, हा माझ्या प्रोजेक्टचा टॉपिक. ज्यांनी मदत करायला पाहिजे होती त्यांनी मला तोंडावर सांगितलं की परभणीत बसून असले टॉपिक होत नसतात, मागच्या वर्षीची फाईल घे अन् उतरव. त्यांच्या एका सहीसाठी मी किती फिरले ते तुम्ही बघितलंय. राग अजून गेला नाही.

तुम्ही एकट्यानं स्क्रीनकडं बघून विचारलं, "हे बाण कुठं पळायलेत गं?" तेव्हा सांगायचं राहिलं, आता सांगते. एकेक बाण म्हणजे स्वतःच्या दमावर पळणारा कण, वेग सगळ्यांचा सारखा, तो फक्त जवळच्यांच्या दिशेची सरासरी धरून तिकडं वळतो, त्यात थोडा नॉईज, म्हणजे वळताना दिशेत होणारी थोडी चूक. नॉईज जास्त असला की सगळे सैरावैरा, कमी केला किंवा गर्दी वाढवली की पुढारी कुणी नसताना सगळे एकाच दिशेला! हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ तामाश विचेक अन् त्यांच्या सोबत्यांनी हे १९९५ मध्ये मांडलं. हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर भोरड्या उतरतात ना, त्यांच्याच जातभाईंचे रोममधले थवे मोजले तर दिसलं की एक पाखरू जवळच्या सहा-सात पाखरांकडंच लक्ष ठेवतं, ते २००८ मध्ये छापून आलं.

पण डबा, म्हणजे स्क्रीनवर कण ज्यात पळतात ती चौकट, लहान घेतला तर ही शिस्त हळूहळू येते असं वाटतं, मोठा डबा घेऊन लई वेळ चालवला की ती एकदम उडी मारून येते अन् कणांचे दाट पट्टे सरकायला लागतात, हे ग्रेग्वार आणि शाते या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवलं. मला ते पट्टे माझ्या डोळ्यांनी बघायचे होते अन् आपल्या जुन्या पीसीला त्यासाठी रात्रभर चालावं लागतं, आणि संध्याकाळी मेन स्विच बंद करायचा नियम.

तुम्ही उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या कागदावर निळ्या पेनानं लिहिलं, "चालू आहे. हात लावू नये." एक मॉनिटरवर चिकटवला, एक स्विचवर. अन् दोन्हीखाली स्वतःची सही केली. मामा, ती सही! काही झालं असतं तर सगळं तुमच्यावर आलं असतं, हे माहिती असून केली. अशा माणसांच्या जिवावर कॉलेजं चालतात अन् कार्यक्रमात त्यांनाच सतरंज्या उचलायला लावतात.

प्रोजेक्टमध्ये आभाराच्या पानावर पहिलं नाव तुमचं आहे. पट्ट्यांचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवलाय, सोमवारी दाखवायला येते.