बी-304 च्या जुन्या चाव्या: सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

विषय: सदनिका क्र. बी-304 च्या जुन्या चाव्या परत मिळणे, गेटवरील जुन्या नोंदी रद्द होणे व नवी चावी कार्यालयात जमा करण्याची मागणी मागे घेणे याबाबत.

महोदय,

या विषयावर मी यापूर्वी लेखी अर्ज दिला आहे, आपल्याशी लिफ्टपाशी समक्ष बोललो आहे आणि सचिवांनी "मीटिंगमध्ये घेऊ" असे सांगितल्यावर मुकाट्याने वाटही पाहिली आहे. त्या मीटिंगमध्ये टाकीच्या सफाईचा व गणपतीच्या वर्गणीचा विषय झाला, माझा झाला नाही. त्यानंतर वॉचमनच्या हाती एक चिठ्ठी आली, ती मात्र "नव्या लॅचची एक चावी कार्यालयात त्वरित जमा करावी" अशी. जुन्या चाव्या परत द्या म्हणणाऱ्याकडेच नवी चावी मागायची, याला चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, आणि म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहावे लागत आहे.

सदर सदनिका मी रीतसर खरेदी केली आहे. दस्ताची नोंदणी झाली, संस्थेकडे 500 रुपये हस्तांतरण शुल्क व महापालिका क्षेत्रासाठी ठरलेल्या कमाल मर्यादेइतका, म्हणजे पूर्ण 25,000 रुपये प्रीमियम मी एकाही शब्दाची घासाघीस न करता भरला आणि भाग प्रमाणपत्रावर माझे नाव चढले. ताबापत्रात "सर्व चाव्यांसह" असे स्पष्ट शब्द आहेत. प्रत्यक्षात माझ्या हाती एका जुन्या कापडी पिशवीत तीन चाव्या पडल्या, त्यांपैकी एक घरातील कोणत्याच कुलपाला लागत नाही. विकणाऱ्या गृहस्थांना मी फोन करून बाकीच्या चाव्यांबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या मुलीचे, आधीच्या भाडेकरूंचे, इस्टेट एजंटचे, समोरच्या 303 चे व सोसायटी ऑफिसचे नाव आठवून आठवून सांगितले आणि शेवटी "अजून एक कुणाकडे तरी असेल" असे म्हणून फोन ठेवला. त्यांच्याशी माझा वाद नाही, कारण ते आता आपले सभासद नाहीत. 303 व सोसायटी ऑफिस मात्र इथेच आहेत.

कुलूप आधीच का बदलले नाही, असे समितीतील एका सदस्यांनी मला ऐकवले. घराचे काम चालू असताना सुतार, रंगारी, प्लंबर यांची ये-जा असते, त्यांच्या हाती एक चावी द्यावीच लागते, आणि म्हणून शेवटचा कारागीर बाहेर पडला की मगच लॅच बदलायचा, ही पद्धत कोणताही चावीवाला सांगेल. ते काम संपत आले असतानाच 204 मध्ये छतातून पाणी झिरपल्याची तक्रार आली आणि 303 मधील ज्येष्ठ सदस्यांनी, मला एक फोनही न करता, आपल्याकडील चावीने माझे घर उघडून प्लंबरला आत घेतले. संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा ओल्या चपलांचे ठसे बाथरूमपासून थेट देवघरापर्यंत उमटलेले होते, बेसिनमध्ये टेफ्लॉन टेपचा तुकडा पडलेला होता आणि दार नुसते ओढून घेतलेले होते. वस्तू काही गेली नाही, हे मी स्वतःहून नमूद करतो. परंतु बाथरूमच्या नळासाठी आलेल्या माणसांचे देवघरात काय काम होते, हा माझ्या पत्नीचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

303 मधील सदस्य पूर्वी या संस्थेचे सचिव होते, वयाने वडीलधारे आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. त्यांनी मला "अहो, ही चावी आमच्याकडे पहिल्यापासून असते" असे हसत सांगितले, तेव्हाही मी आवाज चढवला नाही. मात्र आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराचे नमुना नियम, नीट वाचले असता, दुरुस्तीच्या पाहणीसाठीसुद्धा सचिवांनी आधी कळवून, समिती सदस्यासह यायचे असते, असे दिसते. माजी सचिवांनी शेजारधर्म म्हणून दार उघडावे अशी तरतूद मला तरी आढळली नाही.

त्या रात्रीच मी लॅच बदलण्याचे ठरवले. समितीच्या माहितीसाठी सांगतो की यासाठी दार फोडावे लागत नाही. सिलिंडर पद्धतीचा लॅच असेल तर दाराच्या कडेला असलेला एक लांब स्क्रू काढायचा, चावी किंचित तिरकी फिरवायची आणि जुना सिलिंडर अलगद बाहेर येतो, त्याच मापाचा नवा बसतो. बाहेरच्या सेफ्टी डोअरला मात्र जुने कुलूप काढून नवे बसवताना ड्रिल वापरावे लागले, आणि ते दुपारी दोन ते चार या वेळेत वापरले म्हणून 303 ने माझ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीची दखल समितीने दुसऱ्याच दिवशी नोटीस बोर्डावर घेतली. दारावर बसवलेल्या कॅमेऱ्यात समोरचे दार दिसते, हीसुद्धा त्यांची तक्रार आहे. पॅसेज जेमतेम पाच फुटांचा आहे, तेव्हा समोरचे दार न दिसेल असा कॅमेरा त्यांनीच सुचवावा.

आता कार्यालयातील फळीविषयी. सचिवांच्या टेबलामागे खिळे ठोकलेली जी लाकडी फळी आहे, तिच्यावर सदनिका क्रमांकांच्या चिठ्ठ्या लावून चाव्या उघड्यावर टांगलेल्या असतात, आणि कार्यालय बंद असताना त्या कार्यालयाची चावी वॉचमनच्या केबिनमध्ये असते. चावी कोणी घेतली, कधी परत केली, याचे रजिस्टर नाही. अशा फळीवर माझ्या घराची चावी, क्रमांकासह, मी का टांगावी? आग किंवा गॅसगळतीचे कारण दिले जाते. आगीच्या वेळी 101 वर फोन केल्यावर येणारे अग्निशमन दल दार तोडण्याची अवजारे घेऊन येते, फळीवर चावी शोधत बसत नाही. पाण्याचा प्रश्न असेल तर आमच्या सदनिकेचा व्हॉल्व्ह डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेत, घराबाहेर आहे. माझे मेहुणे मानपाडा रोडला राहतात, त्यांच्याकडे एक चावी ठेवली आहे आणि त्यांचा क्रमांक मी कार्यालयात लेखी दिलेला आहे. चावी जमा करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला असेल तर त्याची प्रत द्यावी, नसेल तर चिठ्ठी मागे घ्यावी.

डक्टचा उल्लेख आलाच आहे तर हेही सांगतो की बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या डक्टमध्येच उघडतात, एकेक पट्टी सरकवून काढता येते, आणि डक्टच्या दाराला सध्या कुलूपच नाही. मी माझ्या खर्चाने आतून ग्रिल लावून घेतले.

गेटचा प्रकार तर आणखी विचित्र आहे. पाहुण्यांच्या नोंदीसाठी गेटवर जे अॅप वापरतात, त्यावर 304 ची नोंद अजून जुन्या मालकांच्या नावावर असल्याने माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची परवानगी त्यांच्या फोनवर मागितली जाते. माझे सख्खे काका गेटवर ताटकळत उभे राहिले, आणि जुन्या भाडेकरूंकडे काम करणाऱ्या बाईंचा पास चालू असल्याने त्यांना मात्र "304" एवढे सांगून आत येता येते. बाई सज्जन आहेत, पण माझ्या घराच्या नावावर कोण आत येतो हे मला कळायला नको का? जुन्या मालकांच्या गाडीवरील टॅगने बूम बॅरिअर अजूनही उघडतो.

ए विंगमधील दोन नव्या सदनिकाधारकांना व माझ्याच मजल्यावरील एका कुटुंबाला हे सर्व पटलेले आहे. वाईटपणा नको म्हणून त्यांनी सह्या केल्या नाहीत, एवढेच.

तरी 303 कडील चावी, आता ती निरुपयोगी असली तरीही, समितीमार्फत मला परत मिळावी व तिची दुसरी प्रत नसल्याचे त्यांनी लिहून द्यावे. फळीवरील जुनी चावी माझ्या हाती द्यावी आणि 304 चा खिळाही उपटून टाकावा. अॅपवरील जुने नाव, पास व टॅग या आठवड्यात रद्द करावेत आणि डक्टला कुलूप लावावे. तक्रारीवर पुढील समिती सभेत निर्णय घेऊन तो त्यानंतर पंधरा दिवसांत कळवायचा असतो, हे आपण जाणताच. तसे न झाल्यास मला नाइलाजाने उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जावे लागेल, आणि तशी वेळ यावी अशी माझी मुळीच इच्छा नाही.

ताबापत्राची प्रत सोबत जोडली आहे. मागच्या अर्जावर शिक्का न मारता तो ठेवून घेण्यात आला होता, म्हणून या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच द्यावी, ही विनंती.

आपला,
सदनिकाधारक, बी-304