सूचना: रविवारी दहावीच्या मुलांसाठी बैठक

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. येत्या रविवारी उपासना सुटली की तरुण संघाची बैठक आहे, लगेच पळू नका प्लीज, चहा-खारी आहे. विषय आपल्याच एका दहावीतल्या मुलीने काढलाय, विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती, आणि ती म्हणते उत्तर लिहिताना हात अडखळतो, देवाला नाकारतोय असं वाटतं. वहीत उत्तराच्या बाजूला तिने पेन्सिलीने बारीक 'उत्पत्ती १:२७' (देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केलं, हे बायबलमधलं वचन) लिहून ठेवलंय, मला दाखवलं.

यावर कोणी हसायचं नाही, आणि मोठ्यांनी "सैतानाचं शिक्षण" वगैरेही बोलायचं नाही (मागे झालंय ते). वाटाण्यावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल स्वतः ख्रिस्ती मठातले होते, आणि विश्व एका आदिम अणूतून सुरू झालं ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे लमेत्र तर कॅथलिक धर्मगुरू, हे किती जणांना माहितीये?

माझं मत, पेपरात पुस्तकातलंच लिहा, मार्क घालवू नका, बाकी प्रश्न इथे मोकळेपणाने विचारा. पाळकसाहेब आणि आपले सायन्सवाले सर दोघंही थांबणारेत. पाठ्यपुस्तक आणि बायबल दोन्ही आणा. बोलायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर नाव न घालता लिहा, दानपेटीशेजारी डबा ठेवलाय.