चिन्मयच्या काढ्याबद्दल आणि ताटाबद्दल

पुणे, श्रावण

प्रिय वृंदा,

तुझं पत्र मिळालं. चिन्मयची सर्दी पावसाळाभर हटत नाही, त्याला कुठला काढा देऊ, असं विचारलंस. काढ्याचं सांगतेच, पण आधी त्याच्या ताटाबद्दल लिहू दे, कारण माझा खरा भरवसा ताटावर आहे.

तो सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत जातो आणि लगेच दमतो, हे वाचून जीव थोडा थोडा झाला. आधी त्याचं हिमोग्लोबिन तपासून घे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची 67 टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, म्हणजे खात्यापित्या घरातलीही त्यात असणारच. चहा तर बंदच कर. त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि लिंबाने उलट चांगलं लागतं. म्हणून मसुराची आमटी असो की मटकीची उसळ, पानात वाढल्यावर लिंबू पिळायचंच. सध्या मंडईत लाल माठ छान कोवळा येतोय. मी देठंसुद्धा बारीक चिरून लसणीवर परतते, मुलं पोळीबरोबर मुकाट्याने खातात. अळिवाचे लाडूही कर, नारळाच्या पाण्यात अळीव फुगवून, ओलं खोबरं नि गूळ घालून. ते काही फक्त बाळंतिणीचे नव्हेत. मात्र हिमोग्लोबिन कमी निघालं तर लाडवांवर भागवू नकोस, डॉक्टर देतील ते लोहाचं औषध त्याला पूर्ण दे.

तुझ्या धाकट्या छकुलीला नाचणी मोड आणून, वाळवून, भाजून दळलेली दे. मोड आले की खीर गिच्च होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं आणि इवल्याशा पोटात जास्त अन्न जातं. आपल्या आज्यांची ही युक्ती मला फार थोर वाटते.

आता काढा. चिन्मयला तुळस-आल्याचं कोमट पाणी दे, रात्री खोकला आला तर अर्धा चमचा मध चाटव. घशाला आराम पडतो. छकुलीला मात्र वर्षाची होईपर्यंत मधाचं बोटही नको, कितीही कोणी आग्रह केला तरी. मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असतात आणि तान्ह्या आतड्यात ती वाढून विष तयार करतात. तिच्या गळ्यातली कापराची पुरचुंडीही आजच काढ. कापूर पोटात गेला तर एवढ्या लहान बाळाला झटके येऊ शकतात. सासूबाईंना प्रेमाने समजाव, त्यांची माया खरी आहे.

आणि सर्दीत ती धापा टाकायला लागली तर शांत असताना पूर्ण मिनिटभर तिचे श्वास मोज. 50 किंवा वर गेले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर रात्र असली तरी तडक दवाखाना गाठ.

रक्ताचा रिपोर्ट आला की फोन कर. दादा पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतोय, त्याच्याबरोबर अळीव आणि नाचणीचं पीठ पाठवते.

तुझी,
मीना