भाडेकराराच्या फॉर्ममध्ये ब्रोकरसाठी एक रकाना वाढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीची. पुण्यात वारज्याला आमचा एक वन बीएचके आहे, मिस्टर रिटायर झाले तेव्हा फंडाच्या पैशातून घेतला, तो भाड्याने दिलेला असतो आणि त्यावर आमचं दोघांचं औषधपाणी निघतं. आणि माझी धाकटी मुलगी नोकरीसाठी वाकडला भाड्याने राहते. म्हणजे घरमालकीणही मी आणि भाडेकरूची आईही मीच, दोन्हीकडचं थोडंफार बघितलंय म्हणून हे लिहितेय.

झालं असं की मुलीला जॉइनिंगची तारीख आली, हातात जेमतेम आठ दिवस, मैत्रिणीच्या रूमवर राहून रोज संध्याकाळी ती फ्लॅट बघत फिरायची. एका ब्रोकरने तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला, भाडं २२ हजार, डिपॉझिट ६० हजार. तिला आवडला, बाल्कनीत आधीच्या लोकांची तुळशीची कुंडी तशीच होती, तिने मला व्हिडिओ कॉलवर दाखवली पण. ब्रोकर म्हणाला ताई, अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात, आत्ता १० हजार टोकन टाका नाहीतर उद्या माझ्या हातात काही नाही. तिने उभ्या उभ्या फोनवरून टाकले. पावती काय, तर व्हॉट्सॲपवर एक ओळ, ‘टोकन मिळालं, फ्लॅट पक्का’. दोन दिवसांनी टेम्पोत सामान घालून गेली तर आत दुसरंच कुटुंब राहायला आलेलं, त्यांना दुसऱ्याच ब्रोकरने आणलेलं, आणि घरमालक फोनवर म्हणाले मी तुमच्या या माणसाला ओळखतच नाही, किल्ली वॉचमनकडे असते, कोणीही येऊन दाखवून जातं. ब्रोकरचा फोन बंद.

मी रातोरात एसटीने पुण्याला गेले. त्याने दिलेलं कार्ड अजून माझ्याकडे आहे. वर गणपतीचं चित्र, खाली नुसतं नाव, आडनाव नाही, एक मोबाइल नंबर आणि ‘रूम, फ्लॅट, शॉप, पीजी’. पत्ता नाही. चौकीवर गेलो, तिथले साहेब नीट बोलले, पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की त्याचं पूर्ण नाव काय, राहतो कुठे, आणि आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघत बसलो. अर्ज लिहून दिला. पैसे काही आले नाहीत.

मला राग १० हजारांचा नाही इतका या गोष्टीचा आहे की या सगळ्या व्यवहारात नोंद नाही असा माणूस फक्त तो एकटा आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, त्याचं आधार, त्याचा फोटो, त्याचा अंगठा. घरमालकाचा अंगठा. साक्षीदारांची नावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार) लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (अकरा महिन्यांचा असला की रजिस्टर करायला लागत नाही असं अजून कितीतरी लोक छातीठोकपणे सांगतात, ते आपल्याकडे चालत नाही, मुदत कितीही असो.) मग ज्याच्याकडे किल्ली असते, जो दोन्हीकडून एकेक महिन्याचं भाडं घेतो, ‘बॅचलर नको’, ‘नॉनव्हेज नको’ हे ज्याच्या तोंडून ऐकायला लागतं, त्याचं नाव कुठेच का नाही?

लोक म्हणतात महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आहे की. महारेराकडे एजंटना नोंदणी करावी लागते, आता ट्रेनिंग आणि परीक्षाही सक्तीची केलीय, पण ते घर विकणाऱ्या प्रोजेक्टच्या एजंटसाठी. नुसत्या भाड्याचं काम करणारा त्यात येतच नाही. म्हणजे कोटीचा फ्लॅट घेणाऱ्याला संरक्षण आणि २२ हजारांवर राहणाऱ्या पोरीला काहीच नाही.

माझी भाची दोन वर्षं वेल्समध्ये कार्डिफला शिकायला होती. तिने सांगितलं की तिथे २०१५ पासून ‘रेंट स्मार्ट वेल्स’ म्हणून सरकारी व्यवस्था आहे, प्रत्येक खासगी घरमालकाने आपली नोंद करायची, आणि घर भाड्याने देण्याचं, सांभाळण्याचं काम जो कोणी करतो, मग तो मालक असो की एजंट, त्याला लायसन्स पाहिजे, त्यासाठी ट्रेनिंग घ्यावं लागतं, लायसन्स पाच वर्षांचं. रूम घेण्याआधी तिने घराचा पत्ता त्यांच्या वेबसाइटवर टाकला आणि नोंद आहे का ते बघितलं, मगच पैसे भरले. तिचं डिपॉझिटसुद्धा मालकाच्या खिशात नव्हतं, ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित करावं लागतं. आणि २०१९ पासून तिथे एजंटला भाडेकरूकडून फी घ्यायलाच बंदी आहे. स्कॉटलंडमध्ये तर घरमालकांची नोंदणी त्याच्याही आधीपासून आहे आणि जाहिरातीत तो नंबर छापावा लागतो.

डिपॉझिटचं ऐकून मी जरा गप्प झाले, खरं सांगते. आमचे आधीचे भाडेकरू गेले तेव्हा त्यांचे ५० हजार परत द्यायला मला आठ दिवस लागले, कारण मिस्टरांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्यातलेच पैसे गेले होते आणि एफडी मोडायला बँकेत खेटे घालायला लागले. ते बिचारे नवरा-बायको थांबले, पण त्यांनाही पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं होतंच ना. मनात खोट नसतानाही असं होतं, तर ज्याच्या मनात आहे तो रंगकाम आणि डीप क्लीनिंगच्या नावाखाली काय काय कापत असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असं आहे, पण तो लागू करायचा की नाही हे राज्यांवर सोडलंय.

माझी मागणी मात्र फार मोठी नाही. भाड्याचं काम करणाऱ्या ब्रोकरचीही सरकारकडे नोंदणी करा आणि त्याला नंबर द्या. आमच्या फ्लॅटचा मागचा करार झाला तेव्हा एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, जेवणाच्या टेबलावर बसून वेबकॅमने फोटो काढले, मिस्टरांचा अंगठा लवकर उमटेना म्हणून ओल्या फडक्याने पुसून पुन्हा घेतला, आणि अर्ध्या तासात काम झालं. आधी याच कामासाठी सब-रजिस्ट्रार ऑफिसात दिवस मोडायचा. म्हणजे सरकारला जमतं. त्याच फॉर्ममध्ये अजून एक रकाना टाका, हे घर कोणत्या ब्रोकरमार्फत दिलं, त्याचा नोंदणी नंबर आणि त्याने घेतलेली रक्कम. ब्रोकर नसेल तर दोघांनी तसं लिहून द्यायचं. नंबर नसलेल्याने पैसे घेतले तर तो गुन्हा. आणि तो नंबर कार्डावर, बोर्डावर, जाहिरातीत सक्तीचा.

यावर मिस्टरांचंच म्हणणं होतं की अजून एक लायसन्स म्हणजे अजून एक टेबल आणि अजून एक चिरीमिरी, आणि खर्च शेवटी भाड्यावरच येणार. हे खोटं नाही. म्हणून सगळ्यांना एक माप लावू नये असं मला वाटतं. आमच्यासारखे एका फ्लॅटवाले आहेत त्यांची नुसती नोंद पुरे, ती तर करारातून आपोआप होते, वेगळं ऑफिस नको. पण जे लोक एका बंगल्यात कॉट बेसिसवर तीस-चाळीस मुलं ठेवतात, एका खोलीत चार कॉट, चाळीस जणांना तीन बाथरूम, जिन्यात गॅसच्या टाक्या, त्यांना लायसन्स पाहिजे, आणि ते देण्याआधी कोणीतरी आत जाऊन बघितलं पाहिजे. माझी मुलगी पहिले दोन महिने अशाच ठिकाणी होती. खिडकीला बाहेरून जाळी ठोकलेली आणि खाली जायला एकच जिना, मी एक रात्र राहिले तर मला झोप लागली नाही.

चांगले ब्रोकर पण आहेत, वाकडचं आताचं घर ज्यांनी मिळवून दिलं ते काका स्वतः करारात कलमं वाचून दाखवत होते, नळ गळत होता तो त्यांनी मालकाकडून बदलून घेतला. ते स्वतःच म्हणाले, नंबर द्या आम्हाला, फोन बंद करून पळणाऱ्यांमुळे आम्हाला पण लोक चोर समजतात.

नोंदणी महानिरीक्षकांचं ऑफिस पुण्यातच आहे. त्यांनी आणि गृहनिर्माण खात्याने हे मनावर घ्यावं. आमच्या वारज्याच्या फ्लॅटचा करार येत्या ऑक्टोबरमध्ये संपतोय, तेव्हा लॅपटॉपवाला मुलगा येईल त्याच्या स्क्रीनवर तो रकाना मला दिसावा.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली